सहअर्जदाराची सही

आमची आत्या चोवीस वर्षं लोकांना गाडी शिकवते आहे, आणि एवढ्या वर्षांत तिला स्वतः गाडी चालवताना पाहिलेली माणसं बोटांवर मोजता येतील. ती बसते शेजारच्या सीटवर. तिथं तिच्या पायाशी एक जादा ब्रेक आणि एक जादा क्लच बसवलेला आहे, आणि स्टिअरिंग शिकणाऱ्याच्या हातात. पहिल्या दिवशी ती प्रत्येकाला एकच वाक्य सांगते, "गाडी तुमच्या हातात, जीव माझ्या पायात. तेव्हा तुम्ही नुसतं समोर बघा."

तिच्याकडे येतात ते बाकीच्यांनी हात टेकलेले लोक. एक दंतवैद्यीण बाई आहेत, ज्या दुसऱ्याच्या दाढेत ड्रिल घालताना पापणी लववत नाहीत आणि चौक आला की स्वतःचे डोळे घट्ट मिटतात. एक निवृत्त ग्रंथपाल आहेत, ते गाडी विजेच्या खांबाजवळून गेली की खांबाला "माफ करा हं" म्हणतात. एक बेकरीवाला आहे, तो गिअर असा दाबतो की जणू कणीक मळतोय. आत्या कोणावर ओरडत नाही. तिच्याकडे 'हळू' हा एकच शब्द आहे आणि तो ती तीन पट्ट्यांत म्हणते. पहिला हळू म्हणजे विनंती. दुसरा हळू म्हणजे माहिती. तिसरा कोणाला ऐकूच येत नाही, कारण तोवर तिनं ब्रेक दाबलेला असतो आणि शिकणाऱ्याचं नाक काचेपर्यंत जाऊन परत आलेलं असतं.

या धंद्याचा परिणाम असा झालाय की ती कुठंही बसली तरी तिचा पाय कामावरच असतो. टीव्हीवर पळापळीचा सिनेमा लागला की ती सोफ्यावर बसून गालिचा दाबते. एकदा माझी आई जिन्यावरून घाईनं उतरत होती, तर खाली उभ्या असलेल्या आत्यानं जागच्या जागी पाय आपटला. आईचं म्हणणं, ती खरंच थांबली.

आतोबा याच्या अगदी उलट. ते पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या, आणि 'येथे वाहने लावू नयेत' या एका वाक्याच्या तर शेकडो. आत्याच्या जुन्या गाडीच्या मागे 'शिकाऊ' हे जे अक्षर आहे ना, फूटभर उंच, लाल, काळ्या सावलीचं, ते त्यांचं. लोक मागून हॉर्न वाजवायला हात उचलतात आणि ते अक्षर बघून खाली घेतात, असं आतोबांचं मत आहे. ते बोलतातही पाटी रंगवल्यासारखे. वाक्य आधी मनात पेन्सिलीनं आखून घेतात, दोन्ही बाजूंना किती जागा सुटते ते बघतात, आणि मग सावकाश भरतात. मधे कोणी बोललं तर रंग ओघळल्यासारखा चेहरा करतात.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी पाट्या रंगवणं थांबवलं. "आता सगळं मशीन छापतं," असं ते म्हणाले, आणि ते खरंही होतं, त्यामुळे सगळ्यांनी माना डोलावल्या. शेवटची पाटी एका चप्पलवाल्याची होती. तीन दिवस ती अंगणात उभी होती. चौथ्या दिवशी त्यांनी ती पांढऱ्या रंगानं पुसली आणि आगाऊ घेतलेले पैसे परत केले. तेव्हापासून त्यांचा एक हात पँटच्या खिशात असतो. घरातसुद्धा. आणि आत्या त्यांना चहाचा कप अर्धाच भरून देते, आणि तो संपला की पुन्हा अर्धा. पाहुण्यांनी विचारलं तर म्हणते, "यांना गार झालेला चालत नाही." या दोन गोष्टी मला दिसत होत्या. त्या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत हे मात्र माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो आणि ते खालच्या, म्हणजे मला निदान रोज बघायची संधी तरी होती.

गेल्या महिन्याच्या सुरुवातीला वाहन कार्यालयातून पत्र आलं. शिकवण्याच्या गाडीचं वय ठरावीक वर्षांपेक्षा जास्त चालत नाही, आणि आत्याच्या गाडीनं ते गाठलं होतं. महिनाअखेरीनंतर ती गाडी भाजी आणायला चालली असती, शिकवायला नाही. आत्यानं पत्र दोनदा वाचलं, गाडीच्या टपावर हात फिरवला आणि म्हणाली, "झालं बाई तुझं, निवृत्त." मग ती लगेच कामाला लागली, कारण गाडी नाही तर शिकवणी नाही, आणि शिकवणी नाही तर घरात येणारा पैसाही नाही. आतोबांच्या पाट्या बंद झाल्यावर घर तिच्याच पायांवर चाललं होतं.

हिशोब सोपा होता. त्यांची बँकेत एक मुदतठेव होती, अकरा वर्षं साठवलेली, सात लाख दहा हजारांची. हवी ती गाडी, जादा ब्रेक-क्लच बसवून, सात लाखांची. म्हणजे रोख दिली की गाडी आपली, आणि शिल्लक दहा हजार आणि आतोबा.

आता गंमत अशी की आम्हाला सगळ्यांना वाटत होतं, आत्या रोखीनंच घेईल. तिनं आयुष्यात कोणाचं पैशाचं देणं ठेवलेलं नाही. माझ्याकडून पेन्सिल घेतली तर टोक करून परत देते. पण तिनं जाहीर केलं की गाडी कर्जावर घ्यायची, जुनी गाडी आणि किरकोळ साठलेले मिळून एक लाख आधी भरायचे, बाकी सहा लाखांचे चार वर्षं हप्ते. ठेवीला हात लावायचा नाही.

माझे बाबा गोदामात हिशोबनीस आहेत, त्यांना अशा वेळी स्फुरण चढतं. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलं की ठेवीवर साडेसहा टक्के मिळतात आणि कर्जाला साडेनऊ पडतात, म्हणजे ताई, तू दरसाल तीन टक्के फुकट घालवतेस. आत्यानं कागद शांतपणे पाहिला. "तीन टक्क्यांत जर माणसाला रात्री झोप लागत असेल," ती म्हणाली, "तर ती काही महाग नाही." हातात पैसे असले म्हणजे झालं, एवढंच तिचं म्हणणं. कशासाठी असावेत, ते काही तिनं सांगितलं नाही.

आणि आतोबा? आतोबा रोखीच्या बाजूनं असे उभे राहिले की बस. तीन आठवडे आम्ही ऐकत होतो. कर्ज म्हणजे आपल्या गाडीत कायमचा बसलेला एक परका माणूस. कर्जाच्या गाडीला काही जोडायचं, काही काढायचं तरी बँकेचं ना-हरकत पत्र लागतं, मग तुझा तो दुसरा ब्रेक बसवायला काय मॅनेजरच्या पाया पडणार आहेस? रोख द्यावी, मोकळं व्हावं, ताठ मानेनं घरी यावं. वाक्यं सुंदर होती, अगदी मधोमध आखलेली. फक्त ती जरा जास्तच वेळा येत होती. आणि आतोबा एरवी वाक्य दुसऱ्यांदा म्हणत नाहीत.

शोरूममध्ये आम्ही तिघं गेलो. तिथल्या विक्रेत्याचं नाव मी 'टायवाला' ठेवलं, कारण तो बोलताना टाय असा ओढायचा की जणू त्यातून शब्द उतरत होते. त्याचं प्रत्येक वाक्य 'मॅडम'नं सुरू व्हायचं आणि 'मॅडम'वर संपायचं, मधे गाडी. "मॅडम, ही गाडी म्हणजे कुटुंबातला सदस्यच समजा, मॅडम." आतोबांनी मधेच विचारलं की रोख दिली तर काय सूट. टायवाल्याचा आवाज टायरमधली हवा गेल्यासारखा बसला. रोख घेणाऱ्यांना, सर, म्हणजे, तशी काही विशेष नाही. कर्जावर घेतली तर मात्र पंचवीस हजारांची सूट, सीटकव्हर आणि पायपुसणी मोफत.

"म्हणजे सगळे पैसे आत्ता देणाऱ्याला कमी आणि हळूहळू देणाऱ्याला जास्त?" आतोबांनी विचारलं.

"सर, योजनाच तशी आहे."

आतोबांनी शोरूमच्या भिंतीवरच्या छापील फलकाकडे पाहिलं. "ती अक्षरंही तशीच आहेत," ते म्हणाले.

मग गाडी चालवून बघायची वेळ आली. टायवाल्यानं अदबीनं चालकाच्या बाजूचं दार उघडलं. आत्या गाडीला वळसा घालून गेली, शेजारच्या सीटवर बसली आणि पट्टा लावून समोर बघायला लागली. तो बिचारा दार धरून उभा. मॅडम, आपण चालवून बघणार होतात ना, मॅडम? आत्या म्हणाली, तुम्हीच चालवा, मला गाडी इथूनच कळते. मागे मी आणि आतोबा. तीन गल्ल्यांच्या फेरीत त्याला कळलं की तो क्लचवर पाय ठेवून चालवतो, वळताना एकाच आरशात बघतो आणि पिवळा दिवा दिसला की वेग वाढवतो. दोन 'हळू' त्याला ऐकू आले. तिसऱ्याला आत्यानं पाय दाबला, पण तिथं ब्रेक नव्हताच, नुसतं पायपुसणं होतं, तेव्हा ब्रेक त्यालाच लावावा लागला. परत आल्यावर त्यानं टाय सैल केला आणि विचारलं की नव्यानं शिकायचं तर मॅडम किती फी घेतात.

गाडी ठरली. पैसे कसे, हे तेवढं राहिलं. अर्ज भरून बघायला काय जातं, असं म्हणून आत्यानं आतोबांना बँकेत नेलं. आतोबांना न्यावंच लागणार होतं. आत्याचं वय छप्पन्न, धंदा स्वतःचा, पगाराचा कागद नाही, तेव्हा बँकेचा नियम असा की नवऱ्यानं सहअर्जदार म्हणून सोबत सही करायची. ठेव मोडायची असती तर गोष्ट वेगळी होती. ती दोघांच्या नावावर होती, पण दोघांपैकी कोणा एकाची सही पुरत होती.

बँकेत कर्ज बघणाऱ्या बाईंना सर्दी झाली होती. आत्याच्या सह्या झाल्यावर त्यांनी सहा ठिकाणी पेन्सिलीनं फुल्या मारल्या आणि कागद आतोबांपुढं सरकवत म्हणाल्या, "इथे, इथे, इथे, पाठीबागे, इथे आणि इथे."

आतोबांनी कागद पाहिला. मग ते म्हणाले, चष्मा घरी राहिला.

चष्मा त्यांच्या गळ्यात दोरीला लोंबत होता. बाईंनी तो पाहिला आणि नाक पुसलं. आत्या खिडकीबाहेर बघायला लागली. मी तोंड उघडलं, तेवढ्यात टेबलाखाली आत्याचा पाय माझ्या पायावर पडला, आणि तो काही हलका पाय नाही.

दोन दिवसांनी पुन्हा गेलो. या वेळी आतोबांनी चष्मा लावला आणि चौदा पानांचा करार वाचायलाच घेतला. पहिल्या पानापासून. बाईंच्या टेबलापुढं रांग लागली. नवव्या पानावर त्यांनी चष्मा काढला आणि सांगितलं की मी चाळीस वर्षं अक्षरं काढली आहेत, आणि ज्याला काही लपवायचं नसतं तो इतकं बारीक अक्षर काढत नाही, सबब मी यावर सही करणार नाही. रांगेतल्या एका माणसानं चक्क मान डोलावली. आतोबा उठले, मी चालतच घरी येतो म्हणाले आणि खिशात हात घालून निघून गेले.

आत्या आणि मी गाडीत येऊन बसलो. तिनं चावी लावली, पण फिरवली नाही.

"रोखीनं घेऊ या," ती म्हणाली.

मी म्हटलं, म्हणजे आतोबा जिंकले. मला वाटलं ती हसेल. ती मग माझ्याशी जे बोलली ते तिच्या चौथ्याच पट्टीत होतं, जी मी तोवर ऐकली नव्हती. आतोबांचा हात थरथरतो. दोन वर्षं झाली. चप्पलवाल्याच्या पाटीवर 'च' तीन वेळा काढला आणि तीनही वेळा तो ओल्या वहीवर पडल्यासारखा पसरला. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही म्हणून आत्यानं विचारलं नाही. डॉक्टरकडे चला म्हटलं की ते म्हणतात, मला काय झालंय. तपासण्या, औषधं, पुढं कदाचित सोबतीला माणूस, असं सगळं कधीतरी लागणार, आणि ते जेव्हा कबूल होतील तेव्हा 'थांबा, पैसे नाहीत' असं म्हणायची पाळी यायला नको. ठेव त्यासाठी होती.

"मग मोडू नकोस ना," मी म्हटलं.

"अगं, त्यांची सही तू पाहिली आहेस का कधी? लग्नाच्या कागदावर केली तेव्हा तिथला कारकून दुसऱ्या टेबलावर दाखवायला घेऊन गेला होता." तिनं समोरच्या भिंतीकडे पाहिलं. "रोखीत माझी एकटीची सही पुरते. कर्ज घेतलं तर त्या माणसाला परक्या बाईसमोर सहा ठिकाणी थरथरायला लागेल. पैसे काय, पुन्हा साठवीन मी."

त्या दिवशी जेवताना तिनं सांगून टाकलं. व्याजाचा विचार केला, मला काही परवडत नाही, उद्याच ठेव मोडायचा अर्ज देते, तुमचंच बरोबर होतं. मी खाली जेवायला होते. तीन आठवडे ज्या गोष्टीसाठी माणूस भाषणं देत होता ती पदरात पडली होती. मला वाटलं, आता एक सुंदर वाक्य येणार.

आतोबांनी ताटातून मान वर केली. मग म्हणाले, "मग इतके दिवस ते पैसे कशाला राखायचे म्हणत होतीस?"

"असंच," आत्या म्हणाली आणि भांडी उचलायला लागली.

आत्या 'असंच' कधी म्हणत नाही. गिअर का बदलायचा, आरसा का बघायचा, शेजारणीशी का बोलायचं नाही, तिच्याकडे प्रत्येक गोष्टीचं कारण असतं. आतोबांनी तिच्या पाठीकडे पाहिलं. मग खिशातला हात बाहेर काढून टेबलावर ठेवला, आणि आपलाच हात पहिल्यांदा बघत असल्यासारखे त्याच्याकडे बघत राहिले. शेजारच्या ताटलीत चमचा बारीक वाजायला लागला. आत्यानं नळ जोरात सोडला.

दुसऱ्या दिवशी जे झालं ते मी पाहिलेलं नाही. बाबांनी पाहिलं. बाबा सांगतात ते गोदामातल्या मालाची यादी वाचल्यासारखं, म्हणून मी त्यात आवाज माझ्याकडून घातले आहेत, शब्द त्यांचेच.

सकाळी बाबांना कामावर फोन आला. "मेहुणे, अर्धा तास निघता येईल का? बँकेत साक्षीदार हवा आहे. ताईला बोलू नका." बाबा पोहोचले तेव्हा आतोबा कर्जवाल्या बाईंच्या समोर बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं की सही न करता येणाऱ्या माणसानं काय करायचं असतं. अंगठा चालतो, बाई म्हणाल्या, पण दोन साक्षीदार लागतात आणि एक जादा पान भरावं लागतं. एक साक्षीदार बाबा. दुसरा म्हणून दारावरच्या रखवालदाराला बोलावलं. तो टोपी काढून शेजारी उभा राहिला.

जादा पानावर एक रकाना होता. बाईंनी तो वाचून दाखवला, आणि बाबा म्हणतात की त्यांनी आवाज मुद्दाम खाली घेतला. "सही करता न येण्याचं कारण. निरक्षर, आजारपण की इतर?"

आता, या गावात निम्म्या दुकानांची नावं ज्यांनी लिहिली त्यांना हा प्रश्न. बाबांना वाटलं, भाऊजी उठून जाणार. बाबा मधे पडले आणि म्हणाले, 'इतर' लिहा, बाई, 'इतर' लिहून टाका.

"नको," आतोबा म्हणाले. "आजारपण लिहा. माझा हात थरथरतो. दोन वर्षं झाली. कोणाला सांगितलं नव्हतं."

बाईंनी लिहिलं. रखवालदार टोपीकडे बघत होता. मग शाईची डबी आली, आणि आतोबांनी अंगठा टेकवायच्या आधी प्रत्येक चौकोन नीट पाहिला, चारी बाजूंनी. सहा चौकोनांत सहा ठसे, एकही रेघेबाहेर नाही. एरवी लोकांचे कसे पडतात ते बाईंनी दुसऱ्या एका कागदावर दाखवलं म्हणे, तिरके, अर्धे, फासलेले. आतोबांनी रुमालाला अंगठा पुसला आणि म्हणाले, "चला मेहुणे. चाळीस वर्षांनी अंगठेबहाद्दर झालो." बाबा हसले नाहीत. रखवालदार मात्र हसला, आणि आतोबांना ते बरं वाटलं असावं, कारण त्यांनी त्याला खांद्यावर थोपटलं. ज्या हातानं थोपटलं तो खिशातला हात होता.

दुपारी मी शाळेतून आले तेव्हा आत्या ठेव मोडायचा अर्ज पर्समध्ये घालून निघायच्या तयारीत होती. आतोबांनी बँकेची पोच टेबलावर ठेवली. तिनं ती वाचली, उलटी करून पाठ वाचली आणि पुन्हा सुलटी केली. मग तिनं त्यांचा हात धरला, पालथा केला आणि अंगठ्यावरची निळी शाई पाहिली.

"मला विचारायचं तरी," ती म्हणाली.

"विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते."

"म्हणून."

ती चिडली होती का, ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही. तिनं खोबरेल तेलाचा बोळा आणला आणि अंगठा पुसायला लागली. शाई काही जाईना. ती पुसत राहिली आणि बोलत राहिली. अठ्ठेचाळीस हप्ते आहेत, कळलं का, पंधरा हजारांच्या घरात एकेक. महिन्याला तीन शिकाऊ नुसते त्यालाच जाणार. तोपर्यंत मी साठीची होईन. आणि तुम्ही सहअर्जदार आहात, तेव्हा मधेच कुठं जायचं नाही, बँक घरी येते. आतोबा म्हणाले, कबूल. आणि पैसे राहिलेत ते कशाला राहिलेत ते आता तुम्हाला माहीत आहे, आत्या म्हणाली, तेव्हा डॉक्टरकडे जायचं. आतोबांनी वाक्य आखायला वेळ घेतला, मग नुसतीच मान डोलावली.

ठेव मोडायचा अर्ज तिनं फाडला नाही. पाठकोरा होता, बाबांना हिशोबाला दिला.

गाडी महिना संपायच्या दोन दिवस आधी आली. ना-हरकत पत्रही आलं, कुणाच्या पाया न पडता. सर्दी बरी झालेल्या बाईंनी ते स्वतः टाइप केलं होतं. त्याच्या पुढच्या मंगळवारी आत्यानं दंतवैद्यीण आणि बेकरीवाला, दोघांचे तास रद्द केले आणि आतोबांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. मला बरोबर घेतलं ते कागद सांभाळायला, असं ती म्हणाली. कागद एकच होता.

डॉक्टर तरुण होता आणि हळू बोलायचा. त्यानं आतोबांना हात पुढं करायला सांगितलं, बोटं मिटायला-उघडायला सांगितलं, खोलीत चालून यायला सांगितलं. आत्या खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. मग डॉक्टरनं एक कोरा कागद त्यांच्यासमोर ठेवला, पेन दिलं आणि म्हणाला, यावर एक चक्र काढायचं, गोगलगाईच्या पाठीवर असतं तसं, मधून सुरू करून बाहेर बाहेर. कसंही येऊ दे, मला तुमचा हातच बघायचाय.

आतोबांनी शर्टाची बाही वर दुमडली, कोपरापर्यंत. कागद टेबलाच्या कडेशी समांतर केला. पेन हातात घेतल्याबरोबर त्याचं टोक हवेत डुलायला लागलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"किती बाय किती?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरला आधी कळलं नाही. आत्याला कळलं. ती म्हणाली, "आकार विचारतात. पाट्या रंगवायचे."

"अच्छा," डॉक्टर म्हणाला. "पूर्ण कागद तुमचा आहे."

आतोबांनी नजरेनं कागदाचा मध्य शोधला, तिथं पेन टेकवलं आणि सुरुवात केली.